बिल्डच्या आउटपुटमध्ये रंग

(दृश्य: ईमॅक्स या कोड लिहायच्या एडिटरमधली कंपायलेशनची विंडो. ओळी भराभर वर सरकताहेत, सगळ्या एकाच रंगात.)

हाच प्रोजेक्ट बाहेर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, बिल्ड केला, तर एरर ठळक लाल दिसते आणि वॉर्निंग जांभळी. ईमॅक्समधून तीच कमांड चालवली, की सगळं एकसारखं. मग एवढ्या ओळींतून ती एक एरर डोळे ताणून हुडकायची.

हे रंग ईमॅक्सने गाळलेले नाहीत. कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरने ते पाठवलेलेच नाहीत.

जीसीसी या कंपायलरमध्ये रंगीत संदेशांची सोय आली २०१४ साली, ४.९ या आवृत्तीत. रंगांची सेटिंग ‘ऑटो’वर असताना जीसीसी आधी दोन गोष्टी बघतो. आउटपुट खरंच टर्मिनलकडे चाललंय का? आणि टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या ‘टर्म’ या व्हेरिएबलमध्ये ‘डंब’, म्हणजे रंग वगैरे न कळणारा, असं तर लिहिलेलं नाही ना? ईमॅक्स कंपायलेशन सुरू करताना तिथे नेमकं ‘डंब’ लिहितो. त्यात खोटं काही नाही, कारण ही विंडो म्हणजे टर्मिनल नव्हेच.

जीसीसीला ‘ऑलवेज’ सांगून रंग पाठवायला भाग पाडलं, तर काय होतं?

(दृश्य: एररच्या एका ओळीचा क्लोजअप.)

फाइलच्या नावाआधी ही अक्षरांची गिचमिड बघा. एस्केप, म्हणजे २७ क्रमांकाचं कॅरॅक्टर. मग चौकटी कंस, आकडे, आणि शेवटी छोटा एम. ३१ म्हणजे लाल, ३५ जांभळा, शून्य म्हणजे पुन्हा साधं. ही पद्धत १९७९ च्या अ‍ॅन्सी मानकातली, आणि १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने ती घरोघरी पोचवली. तो टर्मिनल स्वतः मात्र एकरंगीच होता. जीसीसी प्रत्येक रंगाच्या कोडमागे आणखी एक कोड जोडतो, मोठ्या के अक्षराने संपणारा. त्याचा अर्थ, ओळीचा उरलेला भाग पूस. फक्त एमवाले कोड ओळखणारा फिल्टर लिहिला, तर हे के तसेच मागे राहतात.

वाचायला त्रास होतो तो वेगळाच. खरं नुकसान पुढे आहे. ईमॅक्स फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक ओळखून त्याची लिंक करतो. एंटर दाबलं, की थेट चुकीच्या ओळीवर. नावाला हा कचरा चिकटला, की ती ओळखच बिघडते. म्हणून कोड नुसते रंगात बदलून भागत नाही, मजकुरातून ते काढूनही टाकावे लागतात.

आउटपुट एका दमात येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतं. प्रत्येक तुकडा बफरमध्ये, म्हणजे त्या विंडोतल्या मजकुरात, पडला, की एक हुक चालतो, म्हणजे आपण जोडून ठेवलेलं फंक्शन आपोआप चालतं. रंगाचं काम तिथेच करायचं. पण तुकडा कुठे तुटेल याचा नेम नसतो. एस्केप आणि कंस या तुकड्यात, ‘३१ एम’ पुढच्या तुकड्यात. अर्धा कोड राखून ठेवायचा, पुढचा भाग आला की जोडायचा. आधीच्या तुकड्यात सुरू झालेला लाल अजून चालू आहे, हेही लक्षात ठेवायचं. माझ्या मते या कामातली खरी कारागिरी इथे आहे.

कित्येक वर्षं लोक यासाठी आपापल्या इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, चार ओळी लिहीत आले. एप्रिल २०२२ मध्ये ईमॅक्स २८.१ आला आणि त्यासोबत तयार फंक्शन मिळालं: अ‍ॅन्सी-कलर-कंपायलेशन-फिल्टर. ते कंपायलेशन-फिल्टर-हुकला जोडलं, की काम झालं.

काही जण ‘टर्म’च बदलून टाकतात. मी तसं करू नका म्हणेन. मग निंजासारखी बिल्ड चालवणारी साधनं खरा टर्मिनल समजून एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहायला लागतात, आणि बफरचा विचका होतो. कंपायलरलाच ‘ऑलवेज’ सांगावं. निंजा मध्ये असेल, तर ‘सीएलआयकलर-फोर्स’ हे व्हेरिएबलही १ करावं. नाहीतर पुढे टर्मिनल नाही असं पाहून निंजा ते कोड स्वतःच पुसून टाकतो.

(दृश्य: तीच विंडो. एरर लाल, नोट निळसर. कर्सर एररवर, एंटर, फाइल उघडते.)

ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, किंवा रंग नकोच आहेत, त्यांच्यासाठी याच सोयीत ‘फिल्टर’ हा पर्याय आहे. कोड निघून जातात, मजकूर साधा राहतो, आणि लिंक चालत राहते.