पुढच्या दारानं

(पडद्यावर : रिकामी खोली. एक टेबल, एक शिवणयंत्र, खिडकीतून येणारा उजेड.)

न्यूयॉर्क, 1917. एस. टी. टेलर डिझाइन स्कूल. वर्ग भरलाय. एक विद्यार्थिनी मात्र वर्गात नाही. ती वेगळ्या खोलीत एकटीच शिवत बसलीय. वर्गातल्या मुली गोऱ्या, ही काळी. हिला त्यांच्यात बसवायचं नाही, असं ठरलंय.

तिनं शिवलेलं काम मात्र वर्गात जायचं. इतर मुलींना नमुना म्हणून दाखवायला.

कपडा आत, बाई बाहेर. अ‍ॅन लो हिच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा घडणार होतं.

(पडद्यावर : चिंध्यांतून फूल वळणारी बोटं.)

अलाबामातलं क्लेटन हे तिचं गाव. जन्म 1898चा. आजी जॉर्जिया गुलामगिरीत जन्मलेली, हातात कसब असलेली शिवणकारीण. आईही शिवणकारीणच. मॉन्टगोमेरीतल्या श्रीमंत घरांचे कपडे या मायलेकी शिवत. पोर खाली बसून उरलेल्या रेशमी तुकड्यांची फुलं करायची. मोठेपणी तिचा गाऊन ओळखायची खूण हीच फुलं ठरली.

1914मध्ये आई गेली. गव्हर्नरच्या बायकोच्या कामातले चार गाऊन अर्धवट राहिले होते. अ‍ॅन तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. तिनं चारही पुरे केले.

तोवर तिचं लग्न झालं होतं, मूलही झालं होतं. नवऱ्याला बायकोचं शिवणकाम नको होतं. 1916मध्ये एका दुकानात टॅम्पाच्या एका धनिक बाईनं तिच्या अंगावरचे कपडे पाहिले. कुणी शिवले, म्हणून विचारलं. मीच, म्हणाली. बाईनं फ्लोरिडात यायचं आमंत्रण दिलं आणि ही लेकराला घेऊन निघाली. नवऱ्यानं पुढे घटस्फोट दिला.

आता प्रश्न असा, की जिला सगळं येतं ती शाळेत कशाला जाईल? मला वाटतं, कात्री धरायला शिकावं म्हणून ती गेलीच नव्हती. गोऱ्या घरात शिवणारी काळी बाई म्हणजे घरकामाचाच एक प्रकार, ‘आमची शिवणारी’. डिझायनरच्या दारावर पाटी असते, कपड्याच्या आत लेबल असतं. तिला ते लेबल हवं होतं. न्यूयॉर्कला पोचली तेव्हा, फीचे पैसे हिच्याकडे असतील यावरच शाळाप्रमुखांचा विश्वास बसला नाही, असं तिनं पुढे सांगितलं. पैसे होते.

शिक्षण संपवून ती टॅम्पाला परतली. स्वतःचं कपड्यांचं सलॉन काढलं, तिथल्या काळ्या मुलींना हाताखाली शिकवलं. टॅम्पातल्या गॅस्परिला उत्सवातल्या राण्यांचे गाऊन तिच्याकडूनच जायचे. 1928मध्ये वीस हजार डॉलरची पुंजी गाठीला बांधून ती पुन्हा न्यूयॉर्कला आली, आणि वर्षभरात महामंदी आली. मग दुसऱ्यांच्या नावानं शिवणं आलं. 1947च्या ऑस्कर समारंभात अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडनं घातलेला गाऊन अ‍ॅनचा होता. लेबल दुसऱ्याच डिझायनरचं.

(पडद्यावर : हस्तिदंती टॅफेटाचे तागे. पाण्याचा आवाज.)

1953. जॅकलीन बूव्हिए आणि सिनेटर जॉन केनेडी यांचं लग्न. नवरीचा गाऊन अ‍ॅन शिवत होती. त्याला सुमारे पन्नास वार हस्तिदंती रेशमी टॅफेटा लागला. झग्यावर गोल गोल चुण्या, मध्येमध्ये मेणाची चिमुकली फुलं. लग्नाला दहा दिवस उरले असताना तिच्या कारखान्यातला नळ फुटला. नवरीचा आणि करवल्यांचे मिळून पंधरापैकी दहा गाऊन पाण्यात गेले.

नवं कापड आणलं, नवे बेत झाले, रात्री जागल्या. गिऱ्हाईकाला ती एका शब्दानं बोलली नाही. सातशे डॉलर सुटायचे होते, तिथे बावीसशेचं नुकसान झालं.

गाऊन घेऊन ती न्यूपोर्टला लग्नघरी गेली. नोकरांच्या दारानं आत या, असं सांगण्यात आलं. तिनं सांगितलं, पुढच्या दारानं सोडणार नसाल तर गाऊन परत नेते. पुढचं दार उघडलं.

ही गोष्ट नेहमी इथंच थांबवतात, कारण टाळ्या इथं पडतात. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सनं गाऊनचं सविस्तर वर्णन छापलं, त्यात शिवणारीचं नाव नव्हतं. आणि त्याहून मोठं दुखणं हिशेबाचं होतं. श्रीमंत गिऱ्हाइकं तिच्याशी घासाघीस करत, आणि ती शिलाईचे पैसे कमी करी, टाके मात्र कमी करत नसे. वही मुलगा सांभाळायचा. 1958मध्ये तो अपघातात गेला. 1962पर्यंत करांची थकबाकी 12,800 डॉलरवर पोचली, सरकारनं दुकानाला टाळं ठोकलं. त्याच वर्षी काचबिंदूनं उजवा डोळा गेला. थकबाकी कुणीतरी नाव न सांगता भरली. ती जॅकलीननंच भरली, अशी अ‍ॅनची समजूत होती.

ती पुन्हा उभी राहिली. 1968मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर तिच्या नावाचं दुकान निघालं. 1972मध्ये काम थांबवलं, 1981मध्ये गेली.

(पडद्यावर : प्रदर्शनाचं दालन. काचेआड गाऊन.)

2023मध्ये डेलावेअरच्या विंटरथर संग्रहालयानं तिच्या कामाचं प्रदर्शन मांडलं. केनेडी लग्नाचा मूळ गाऊन इतका नाजूक झालाय, की तो दाखवता येत नाही. म्हणून डेलावेअर विद्यापीठात फॅशन शिकवणाऱ्या एका शिक्षिकेनं तो नव्यानं शिवून दिला. त्यासाठी तिला आधी मूळ गाऊनची चुणी न् चुणी, शिवण न् शिवण वाचावी लागली.