सावध तो सुखी: कॅव्हेंडिश घराणं आणि केळीचं एक पिल

[दृश्य: काचघर. पानांवरून ओघळणारं पाणी. कॅमेरा सावकाश घडाकडे जातो.]

हे झाड बघा. बुटकं खोड, वाऱ्याशिवायच फाटलेली पानं, खाली लोंबणारा घड आणि टोकाला जांभळं केळफूल. जळगावच्या केळीपट्ट्यातला, रावेर-सावद्याकडचा माणूस म्हणेल, यात बघायचं काय? आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हेच आहे की!

पण हे रावेर नाही. काचेच्या बाहेर ओली थंडी आहे. हिरव्या टेकड्या, चरणाऱ्या मेंढ्या आणि खाली डरवेंट नावाची नदी. इंग्लंडच्या मधोमध डर्बीशायर नावाचा परगणा आहे, तिथल्या चॅट्सवर्थच्या बागेतलं हे झाड. बुंध्याजवळच्या पाटीवर लिहिलंय, ‘मुसा कॅव्हेंडिशी’. ‘मुसा’ म्हणजे केळ. आणि कॅव्हेंडिश म्हणजे या बागेचे, त्या टेकडीचे, नदीपलीकडच्या गावाचे मालक.

[दृश्य: ड्रोन. वाडा, मागे जंगल. दक्षिणेकडच्या खिडक्यांवर ऊन.]

खिडक्यांच्या चौकटी चमकतायत ना, तो रंग नाही. सोन्याचा वर्ख आहे.

ही जागा घराण्यात आली १५४९ साली. किंमत ६०० पौंड. घेतली सर विल्यम कॅव्हेंडिशनं, पण त्याला ती घ्यायला लावणारी होती त्याची बायको एलिझाबेथ. ‘बेस ऑफ हार्डविक’ हे तिचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव. ती याच भागातली, बेताच्या जमीनदाराची मुलगी. तिची चार लग्नं झाली आणि दर लग्नागणिक ती आणखी वर चढली. मुलं मात्र झाली ती एकट्या कॅव्हेंडिशपासून. म्हणून पुढचं सगळं कॅव्हेंडिशांचं.

[दृश्य: नदीकाठचा दगडी चौथरा, पायऱ्या.]

हा ‘क्वीन मेरीचा बावर’, म्हणजे राणी मेरीची विसाव्याची जागा. बेसचा चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूजबरी. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडच्या कैदेत होती, तेव्हा तिला सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. पंधरा वर्षं! मेरीला अधूनमधून इथेही आणून ठेवत. राणीसारखी राणी पाहुणी, आणि खर्च यजमानाच्या बोकांडी. त्यात नवरा-बायकोचं जे बिनसलं ते कायमचं.

[दृश्य: हार्डविक हॉल. कॅमेरा खालून वर, मनोऱ्यांच्या टोकापर्यंत.]

नवरा गेल्यावर म्हातारीनं हा दुसरा वाडा बांधला. भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त. काच महाग होती, म्हणून तर लावली. आणि वर आभाळात बघा, दगडात कोरलेली दोन अक्षरं. ई आणि एस. एलिझाबेथ श्रूजबरी. सहाही मनोऱ्यांवर. आपलं नाव चार कोसांवरून वाचता आलं पाहिजे असं वाटणारी बाई होती ती.

[दृश्य: नकाशा. डर्बीशायर, मग बोट खाली सरकतं, पार डेव्हनपर्यंत.]

आता उमरावांच्या किताबांची गोष्ट. खालून वर बघायचं तर बॅरन, अर्ल, मार्क्वेस, आणि सगळ्यात वर ड्यूक. बेसचा मधला मुलगा विल्यम. त्याला १६०५ साली बॅरन केलं आणि १६१८ साली अर्ल. पहिला जेम्स राजा होता, खजिना रिकामा होता आणि किताबांचा भाव फुटला होता. अर्लपदासाठी विल्यमनं दहा हजार पौंड मोजले. म्हणजे आईनं अख्खी जहागीर घेतली ६०० पौंडांत, आणि लेकानं नुसत्या नावाला दहा हजार घातले.

नाव तरी कुठलं? डेव्हनशायर. घर आहे डर्बीशायरला, आणि डेव्हन तिथून शेकडो मैल दूर, पार नैर्ऋत्येच्या समुद्रकाठी. डर्बी हा किताब १४८५ पासून स्टॅन्ली घराण्याकडे होता, तो मिळणं शक्यच नव्हतं. डेव्हनशायर मोकळा झाला होता. गंमत पुढेच आहे. डेव्हनच्या जुन्या अर्लांचं कोर्टनी घराणं बुडालं असं सगळे धरून चालले होते. १८३१ साली त्यांच्या वारसानं हक्क सिद्ध केला आणि किताब परत मिळवला. म्हणून आज इंग्लंडात अर्ल ऑफ डेव्हन वेगळे आणि ड्यूक ऑफ डेव्हनशायर वेगळे.

ड्यूकपद मिळालं ते चौथ्या अर्लला. १६८८ साली सात जणांनी सही करून हॉलंडच्या विल्यमला बोलावणं धाडलं, की ये आणि आमच्या राजाला हटव. त्या सातांत हा एक. विल्यम आला, राजा झाला, आणि १६९४ साली सहीची परतफेड झाली. पहिला ड्यूक ऑफ डेव्हनशायर.

[दृश्य: दगडात कोरलेला वेटोळं घातलेला साप. खाली लॅटिन अक्षरं.]

घराण्याचं चिन्ह हा साप, आणि ब्रीद ‘कॅव्हेंडो टूटस’. आडनावावरची कोटी आहे ती. अर्थ अगदी आपल्या म्हणीसारखा: सावध तो सुखी.

हे ब्रीद भिंतीवर कोरलेलं असताना पाचव्या ड्यूकची बायको जॉर्जियाना पत्त्यांच्या डावात किती हरली, ते तिनं मरेपर्यंत नवऱ्याला पुरतं कळू दिलं नाही.

[दृश्य: केळीचा बुंधा. खोडाशी फुटलेली पिलं. कोयता.]

इथे जरा थांबू. केळीच्या बुंध्याशी पाच-सात पिलं फुटतात. पिलबाग, म्हणजे पिलावरच पुढचं पीक, घ्यायची असेल तर शेतकरी एकच राखतो, बाकीची कापून टाकतो. सगळीच ठेवली तर घड कुणालाच धड लागत नाही. इंग्रज उमरावाचं घर असंच चालतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर भावाभावांची नावं चढतात आणि तीन पिढ्यांत शंभर एकराचे तुकडे होतात. तिथे किताब आणि जहागीर थोरल्याला. धाकट्यांनी सैन्यात जावं, चर्चमध्ये जावं, पार्लमेंटात जावं. किंवा हेन्री कॅव्हेंडिशसारखं घरी बसून पृथ्वीचं वजन करावं. तो दुसऱ्या ड्यूकचा नातू, धाकट्या पातीतला. हायड्रोजन वेगळा ओळखला तो त्यानं. लाजाळू इतका, की मोलकरणींशी बोलायला नको म्हणून चिठ्ठ्या लिहून ठेवायचा.

बाहेरून पैसा आला तो सुनांच्या पदरानं. चौथा ड्यूक १७५६-५७ मध्ये वर्षभरही न टिकलेला पंतप्रधान, पण त्याच्या बायकोकडून, बर्लिंग्टनच्या अर्लच्या मुलीकडून, आयर्लंडातला लिस्मोर किल्ला, यॉर्कशायरची जमीन, लंडनचे वाडे असं सगळं घरात आलं. आयरिश कुळांचा खंड आणि एक्टनच्या तांब्याच्या खाणीत राबणारे हात, त्यांची चित्रं आमच्याकडे नाहीत.

[दृश्य: पहाट. बागेची उंच भिंत, दव.]

९ मे १८२६. पहाटेचे साडेचार. चेस्टरफील्डला घोडागाडीतून उतरून एक बावीस वर्षांचा पोरगा चालत इथवर आला. दार बंद. मग भिंत चढून आत उतरला. सगळी बाग फिरून बघितली, सहाला माळी आले तसं त्यांना कामाला लावलं, पाण्याची व्यवस्था पाहून घेतली, आणि न्याहारीला गेला तर तिथे घर सांभाळणाऱ्या बाईंची भाची होती. तिच्या प्रेमात पडला. नऊ वाजेपर्यंत हे सगळं झालं होतं. हे त्यानंच लिहून ठेवलंय, म्हणून सांगता येतं.

हा जोसेफ पॅक्स्टन. बेडफर्डशायरच्या गरीब शेतकरी घरातला. त्याला नेमलं सहाव्या ड्यूकनं, जॉर्जियानाच्या मुलानं. हा ड्यूक जन्मभर अविवाहित राहिला. हा मालक आणि हा माळी, बत्तीस वर्षं एकमेकांना सोडलं नाही.

[दृश्य: एम्परर कारंजं, स्लो मोशन. आवाज पूर्ण.]

आम्ही गेलो तेव्हा वारा होता. लेन्स पुसत पुसत हे घेतलंय.

रशियाचा झार निकोलस येणार म्हणून १८४४ साली हे कारंजं उभारलं. पॅक्स्टननं वर टेकडीवर आठ एकरांचं तळं खणून घेतलं. हिवाळ्यात, रात्री मशाली लावून माणसं खणत होती. तळं उंचावर, नळ खाली. पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी उडतं. २९६ फूट उडाल्याची नोंद आहे. झार इंग्लंडात आला, पण इथे आलाच नाही. कारंजाला नाव मात्र त्याचंच राहिलं.

[दृश्य: हिरव्या झुडपांचा भुलभुलैया, वरून. मुलं वाट शोधतायत.]

या भुलभुलैयाच्या जागी ‘ग्रेट स्टोव्ह’ उभा होता. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच काचघर. जमिनीखाली आठ बॉयलर. धूर दिसू नये, कोळशाची गाडी दिसू नये, म्हणून बोगदा खणून त्यात रूळ टाकलेले. १८४३ च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया राणी आली, ती घोडागाडीत बसूनच काचघरातून फिरली. बारा हजार दिवे लावले होते. बाहेर बर्फाचे दिवस आणि आत ताड-माड.

त्या ताड-माडांच्या पायी केवढी धावपळ! पॅक्स्टनच्या हाताखालचा जॉन गिब्सन, वय वर्षं वीस, थेट हिंदुस्थानात धाडला. १८३५ ला गेला, खासी टेकड्यांतून ऑर्किडं घेऊन १८३७ ला परतला. ॲमेझॉनची कमळं इंग्लंडात फुलत नव्हती, ती नोव्हेंबर १८४९ मध्ये इथे फुलली. पॅक्स्टननं आपल्या लहान मुलीला, ॲनीला, त्या पानावर उभं केलं. पान बुडालं नाही. पानाखालच्या शिरा त्यानं नीट न्याहाळल्या आणि १८५१ साली लंडनमध्ये काचेचा महाल उभा केला, क्रिस्टल पॅलेस. त्याच वर्षी तो ‘सर’ झाला. घराण्यातल्या सगळ्या किताबांत हा एक मला घामाचा वाटतो, आणि तो घराण्याबाहेरच्या माणसाचा.

[दृश्य: पुन्हा काचघरातलं झाड. घडावर क्लोज-अप. फण्या मोजता येतात.]

आणि केळ. मूळ दक्षिण चीनकडचं. तिथून मॉरिशस, मॉरिशसहून १८२९ च्या सुमारास इंग्लंड. एक रोप पॅक्स्टनच्या हाती लागलं. वाड्यातल्या एका खोलीतल्या चिनी भिंतकागदावर केळीचं चित्र पाहून त्याला ती हवीशी वाटली असंही सांगतात. भरपूर खत, भरपूर पाणी आणि ऊब. नोव्हेंबर १८३५ मध्ये झाड कमळलं, म्हणजे त्याला केळफूल आलं. पुढच्या मेपर्यंत शंभराहून जास्त केळी धरली. मालकाच्या आडनावावरून माळ्यानं नाव ठेवलं. १८३८ साली निघालेल्या जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याबरोबर रोपं काचेच्या पेटीतून सामोआला गेली, तिथून बेटाबेटांवर पसरली. मिशनरी १८३९ साली एरोमांगा बेटावर मारला गेला.

या केळाला बी नसतं. पिलातून पिल. पुढे ‘ग्रो मिशेल’ जात पनामा रोगानं गेली आणि १९५०-६० च्या दशकांत जगाच्या बाजारात कॅव्हेंडिश आली. आज पिकणाऱ्या केळ्यांत जवळजवळ निम्मी हीच. सगळी एका साच्यातली, म्हणून पनामा रोगाचा नवा प्रकार आला की सगळ्यांनाच धोका.

ब्रह्मचारी ड्यूक १८५८ साली गेला. राखायला पिल नव्हतं, म्हणून किताब चुलत पातीतल्या बर्लिंग्टनच्या अर्लकडे गेला. आजही ड्यूकच्या वारसाला हार्टिंग्टनचा मार्क्वेस किंवा बर्लिंग्टनचा अर्ल म्हणतात; त्यातलं दुसरं नाव आलं ते यामुळे. हे मानाचे किताब, बापाकडून उसने घेतलेले. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा या सातव्या ड्यूकच्या पैशातली. आठवा तीनदा पंतप्रधानपद नाकारणारा. १८८० ते ८२ हिंदुस्थानचा कारभार बघणारा मंत्रीही तोच.

[दृश्य: १९२० चा फोटो. मोडलेल्या काचा, वाकलेलं लोखंड.]

पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. ग्रेट स्टोव्हमधली झाडं गारठून मेली. १९२० साली सुरुंग लावून तो पाडला. तोही एका दणक्यात पडला नाही.

[दृश्य: एडन्सरचं चर्च, कबरी. दहा सेकंद निवेदन नाही.]

दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा बिली, हार्टिंग्टनचा मार्क्वेस. मे १९४४ मध्ये त्यानं कॅथलीन केनेडीशी लग्न केलं. सप्टेंबरात बेल्जियममध्ये गोळी लागून गेला. चार वर्षांनी विमान पडून तीही गेली. ही तिची कबर. १९६३ च्या जूनमध्ये तिचा भाऊ इथे येऊन गेला, अमेरिकेचा अध्यक्ष.

[दृश्य: कुऱ्हाड, लाकडाचा ढीग. थंडीची पानगळ.]

दहाव्या ड्यूकनं इस्टेट वेळेत मुलाच्या नावे केली होती. पाच वर्षं जगला असता तर वारसाकर माफ होता. २६ नोव्हेंबर १९५० ला ईस्टबोर्नला लाकडं फोडताना कोसळला. मुदतीला चौदा आठवडे उरले होते. कर ऐंशी टक्के.

धाकटा ॲन्ड्र्यू, ज्याच्या वाट्याला हे यायचंच नव्हतं, तो तेव्हा ऑस्ट्रेलियात होता. हार्डविक हॉल सरकारला गेला, होल्बाइन आणि रेम्ब्रांटची चित्रं गेली, हजारो एकर गेले. व्याज फिटता फिटता १९७४ उजाडलं. त्याची बायको डेबोरा, तिनं शेतमालाचं दुकान काढलं. आता वाडा ट्रस्टकडे आहे, वर्षाला एक पौंड भाड्यानं. आणि ड्यूकचं कुटुंब आपल्या खोल्यांचं भाडं भरून राहतं.

[दृश्य: रावेर. पहाट. ट्रक, केळीच्या पानांची रास. डोक्यावर घड घेतलेली माणसं ओळीनं.]

इथली केळी चॅट्सवर्थच्या त्या झाडाची लेकरं नाहीत. भाऊबंद आहेत, गोत्र तेच. बसराई त्याच गटातली, श्रीमंती त्यातलीच, आणि आता सगळीकडे दिसते ती टिश्यूकल्चरची ग्रँड नैनही.

कांदेबागेचा, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचा, माल भरला जात होता. एका काकांना फोनवर त्या काचघरातल्या झाडाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बोटानं फोटो मोठा केला, फण्या मोजल्या.

“सहाच फण्या,” ते म्हणाले. “पोटॅश कमी पडलंय.”

[दृश्य: ट्रकचं फाळकं बंद होतं.]