वळणावरचं कपाट

नमस्कार श्रोतेहो. शाळा सुटते, ऑफिस सुटतं, लग्नाचा हॉल रिकामा होतो, तेव्हा व्हरांड्याच्या वळणावर गर्दी का अडते, हे आज सांगणार आहे. सांगायला एक शाळाच घेतो.

माझी मोठी बहीण त्या शाळेत शिकवायची. जुनी इमारत. वरचा व्हरांडा काटकोनात वळतो आणि पुढे लगेच जिना. घंटा झाली की त्या वळणावर रोज कोंडी. दप्तरं अडकायची, पहिली-दुसरीची पोरं भिंतीला चेपायची, एखादं रडतच खाली यायचं. मुख्याध्यापकांनी रांगा लावून पाहिल्या, शिक्षक उभे केले, मुलांना ओरडून झालं. कोंडी तशीच.

तिथल्या शिपायांना सगळी शाळा मामा म्हणायची. एके दिवशी मामा घंटा देऊन वर गेले आणि वळणाच्या बाहेरच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहिले. गर्दी ओसरल्यावर मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, मला एका पोराचा धक्का लागला नाही. मी उभा होतो तिथं कुणी आलंच नाही. सगळी त्या कपाटाला घासून जातात." कपाट होतं आतल्या कोपऱ्यावर, नकाशांचं, लोखंडी. रविवारी मामांनी दोघांना हाताशी घेऊन ते ओढलं आणि स्वतः उभे होते त्या कोपऱ्यात लावलं. सोमवारी ताईनं मुद्दाम थांबून पाहिलं. पोरं हळू झाली, पण थांबली नाहीत. गप्पा मारत वळली आणि जिना उतरली. माझं तर मत आहे, शाळेचा नकाशा पास करण्याआधी घंटा देणाऱ्या माणसाला दाखवावा. इमारत रोज भरताना आणि रिकामी होताना तोच बघतो.

आता कारण. चालणारा माणूस जवळची वाट धरतो. वळण यायच्या आधीच तो आतल्या बाजूला सरकतो. सगळेच सरकतात. आत दाटी होते, बाहेरचा कोपरा रिकामा राहतो. पुन्हा सांगतो, आत दाटी, बाहेर रिकामं. म्हणजे व्हरांडा दहा फुटी असला तरी वळणावर तो दहा फुटी उरत नाही. मोकळ्या जागी आपण सेकंदाला साधारण 1.3 मीटर चालतो. एका चौरस मीटरात चार माणसं आली की पावलं घासत सरकावं लागतं. हेल्बिंग आणि मोल्नार या संशोधकांनी 1995 साली माणसांची ही ओढ आणि एकमेकांपासूनचं अंतर गणितात मांडलं, आज इमारतींचे आराखडे त्याच धर्तीवर संगणकावर तपासले जातात.

समोरूनही लोक येत असतील तर दोघांनाही तोच आतला कोपरा हवा असतो, आणि वळणापलीकडचं दिसत नाही. तिथं डावी बाजू धरायची. मग एका रांगेला आतली बाजू मिळते, दुसरीला बाहेरची, आणि रिकामा कोपरा वापरात येतो. वळताना मोबाइल खिशात हवा, हे मी घरीही रोज बजावतो.

मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. पाऊस होता, माणसं आडोशाला थांबली होती आणि मागून गर्दी येतच होती. म्हणून वळणावर आणि जिन्याच्या तोंडाशी थांबू नका. छत्री उघडायची, चप्पल सावरायची, कुणाची वाट पाहायची, ते चार पावलं पुढे जाऊन. आणि सोसायटीच्या पॅसेजमध्ये आतल्या कोपऱ्यावर चपलांचा रॅक असेल, तर तो आजच हलवा. नमस्कार.