दुसरी चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्याकडे, सावंतवाडीच्या बाजूला, देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळा गाव श्वास रोखून बघत बसतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण डावी पडली की मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणतंच, "अरे, ती नीट चिकटलीच नव्हती. परत लाव बघू." गुरव मुरलेला असला तर ऐकू न आल्यासारखं करतो.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. म्हणजे खडू, जनगणना आणि निवडणुकीची ड्यूटी, या तिन्ही गोष्टी नशिबी आल्या. मतमोजणीच्या टेबलावर बरीच वर्षं बसलो. हरलेल्या माणसाचा चेहरा मी जितक्या जवळून पाहिलाय तितका त्याच्या बायकोनंही पाहिला नसेल. ती घरी गेल्यानंतरचा चेहरा पाहते. त्यातला एक चेहरा आज तुम्हाला सांगायचाय.

ग्रामपंचायतीची निवडणूक होती, कागदी मतपत्रिकांचा काळ. आम्ही पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करून रबरबँड लावत होतो. एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली. फेरमोजणी झाली, पुन्हा सारखीच. अशा वेळी ईश्वरचिठ्ठी काढतात. अधिकाऱ्यांनी एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे केले, दोघांना दाखवून नावं लिहिली, एकसारख्या घड्या घातल्या आणि एका शिपायाच्या जेवणाच्या डब्यात टाकल्या. डबा धुतलेला होता, तरी भाजीचा वास येत होता. बाहेर चहा देणाऱ्या बाईंची सहा-सात वर्षांची मुलगी आत आणली. तिनं एक चिठ्ठी उचलली. नाव वाचलं. बाहेर फटाके सुरू.

हरलेला गृहस्थ जागचा हलला नाही. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त म्हणाला, "सायबांनू, ती दुसरी चिठी उघडा. तेच्यात माझा नाव आसा काय नाय, ता माका बघूंचा आसा."

साहेबांच्या कपाळावर आठी आली. आमच्यावर अविश्वास? पण त्यांनी डबा पुढे केला. गृहस्थानं चिठ्ठी उघडली, चष्मा वर करून स्वतःचं नाव वाचलं, परत घडी घातली आणि खिशात टाकायला लागला. ती सरकारी कागदपत्रं आहेत म्हणून आम्हाला त्याच्याकडून परत मागून घ्यावी लागली. मग त्यानं मुकाट्यानं सही केली आणि बाहेर जाऊन त्याच बाईंकडे चहा घेतला.

निकाल मान्य करावा की विरोध करावा, यावर हल्ली फार तावातावानं बोललं जातं. जिंकलेला म्हणतो, खिलाडूपणे घ्या. हरलेला म्हणतो, घोटाळा झाला. मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. त्या माणसानं निकाल मानला, पण दुसरी चिठ्ठी उघडून बघितल्यावर मानला. ती उघडायला नकार मिळाला असता तर तो आयुष्यभर म्हणत राहिला असता की दोन्ही चिठ्ठ्यांवर समोरच्याचंच नाव होतं. आणि आम्ही कितीही प्रामाणिक असतो तरी त्याला खोटं पाडू शकलो नसतो.

आता सीमेपलीकडे, गोव्यात चला. तिथल्या एका मतदानाला लोक आजही कौलच म्हणतात. जनमत कौल, 16 जानेवारी 1967.

गोवा 1961च्या डिसेंबरमध्ये मुक्त झाला. 1963 साली पहिली निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हे त्यांच्या पक्षाच्या नावातच लिहिलेलं होतं. मागे उभा होता तो बहुजन समाज, कुळं, मुंडकार, ज्यांना भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून राहावं लागलं होतं. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. त्यांचं म्हणणं, गोवा वेगळा आहे, कोंकणी ही वेगळी भाषा आहे, तो वेगळाच राहू दे. 1965मध्ये गोवा विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्रानंही केला. बहुमत होतं. तिथल्या तिथे विषय संपला असता.

संपला नाही, कारण सिक्वेरा अडून बसले. आमदारांनी हा निर्णय घ्यायचा नाही, लोकांना विचारा. दिल्लीला ते पटलं आणि संसदेनं 1966च्या डिसेंबरमध्ये त्यासाठी खास कायदा केला. त्यासोबत दुसरी मागणी आली. विलीनीकरण मागणारं सरकारच खुर्चीवर असताना मतदान कसं घेणार? आणि बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. बहुमतातलं सरकार मतदानाआधी खुर्ची सोडून बाजूला झालं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. समोरच्याच्या डोळ्यांदेखत चिठ्ठ्यांना घड्या घालणं म्हणतात ते हे.

मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला, म्हणजे गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश राहावा याला, दोन पानं. आमच्या कौलातली पाकळीच जणू मतपेटीत गेली! प्रचार असा झाला की घराघरांत दोन तट पडले. गंमत म्हणजे भांडणाची भाषा दोन्हीकडे बरीचशी मराठीच. 'गोमंतक' दैनिक विलीनीकरणासाठी मराठीत लिहीत होतं, आणि मडगावचं 'राष्ट्रमत' विलीनीकरण नको म्हणून तितक्याच सफाईदार मराठीत लिहीत होतं. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. विलीन झालात तर माडाची सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेरांचं काय, हाही प्रश्न प्रचारात आला. तत्त्वाच्या लढाईत पोटाचा मुद्दा शिरतोच, आणि त्यात कमीपणा काही नाही.

निकाल लागला. दोन पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा. पेडणे, सत्तरीसारख्या तालुक्यांत फूल फुललं होतं, पण सासष्टी तालुक्यानं पारडं फिरवलं.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमच्या घराजवळच्या दुकानात रेडिओ होता, त्याच्याभोवती माणसं जमलेली आठवतात. माझे वडील विलीनीकरणाचे कट्टर. गोव्यात आमची सोयरीक, तिथले देव आमचे, आमचे देव तिथले. मग मध्ये चेकनाका कशाला, असं त्यांचं साधं गणित. निकालानंतर आठ दिवस ते जेवताना बोलत नव्हते. मग बोलायला लागले ते, "पाद्र्यांनी केलं", "पैसा वाटला", "आपले लोक मतदानालाच गेले नाहीत". वस्तुस्थिती अशी की ऐंशी टक्क्यांहून जास्त मतदान झालं होतं. आता कळतं, तेही मागच्या रांगेतून म्हणत होते, पाकळी नीट चिकटली नव्हती.

आणि बांदोडकर? ते निवडणुकीच्या तयारीला लागले. कौलानंतर 71 दिवसांनी, 28 मार्चला, विधानसभेचं मतदान झालं. तीसपैकी 16 जागा त्यांच्या पक्षाला, 12 सिक्वेरांच्या. ज्या लोकांनी जानेवारीत त्यांची मुख्य मागणी नाकारली, त्यांनीच मार्चमध्ये त्यांच्या हाती राज्य दिलं. जो संघप्रदेश त्यांना विसर्जित करायचा होता त्याचेच ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि 1973 साली निधन होईपर्यंत राहिले. खेडोपाडी मराठी शाळा काढत राहिले. विलीनीकरणाची ओढ काही माणसांच्या मनात पुढेही राहिली, भाषेचा वाद तर 1987च्या राजभाषा कायद्यापर्यंत पेटता राहिला. मत बदला, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. 34,021 हा आकडा तेवढा मान्य करायचा होता.

कोणी म्हणेल, तेव्हाची माणसंच वेगळी होती. मला नाही तसं वाटत. हरणाऱ्यासमोर अडीच महिन्यांत दुसरी निवडणूक उभी होती, हे विसरू नका. ती नसती, तर भाऊसाहेबांचे कार्यकर्ते रस्त्यावर किती दिवस थांबले असते, कुणास ठाऊक.

बरं, निकालाविरुद्ध जायचंच असेल तर? त्याचा रस्ता आपल्या कायद्यात आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951. निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. उमेदवारच हवा असं नाही, त्या मतदारसंघातला साधा मतदारही ती करू शकतो. खर्चाच्या हमीपोटी दोन हजार रुपये अनामत भरायची. आणि याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असंही त्याच कायद्यात लिहिलंय.

सहा महिने! रायबरेलीत 1971 साली राजनारायण इंदिरा गांधींकडून लाखाहून जास्त मतांनी हरले आणि एप्रिलमध्ये याचिका घेऊन अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. लोक हसले असतील. निकाल लागला 12 जून 1975ला. चार वर्षांहून जास्त. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी निवडणूक रद्द केली, ती दोन मुद्द्यांवर: सरकारी अधिकाऱ्यांनी सभांची व्यासपीठं आणि लाउडस्पीकरच्या विजेची सोय केली, आणि इंदिरा गांधींचे निवडणूक प्रतिनिधी यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराला लागले. पुढची आणीबाणी तुम्हाला माहीत आहे. मला त्यातली लहान गोष्ट जास्त खुपते. त्याच वर्षी निवडणूक कायदा बदलला, तोही मागच्या तारखेपासून लागू. चिठ्ठी वाचून झाल्यावर नियम नव्यानं लिहिले. 1977मध्ये त्याच राजनारायणांनी त्याच रायबरेलीत इंदिरा गांधींना 55,202 मतांनी हरवलं, आणि इंदिराबाईंनी राजीनामा दिला. तेही सांगायला हवं, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल.

यंत्रांवरचा संशय तर रोजचा विषय. पण कागदाच्या काळात संशय नव्हता असं समजू नका. 1971मध्येच दक्षिण दिल्लीतून हरलेल्या, जनसंघाच्या बलराज मधोकांचा आरोप होता की मतपत्रिकांवर रसायन लावलंय, मतदारानं मारलेला शिक्का उडून जातो आणि दुसऱ्याच चिन्हापुढे उमटतो. आज हसू येतं. सर्वोच्च न्यायालय हसलं नाही. नमुन्यादाखल काही मतपत्रिका काढून तपासा, म्हणालं. त्यातून काही निघालं नाही, पण डबा पुढे केला गेला.

2024च्या डिसेंबरमध्ये, विधानसभेच्या निकालानंतर, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं आपल्यापुरतं कागदावर फेरमतदान घ्यायचं ठरवलं होतं. विशेष असं की ज्या उमेदवाराचा गावाला कैवार होता तो मतदारसंघात जिंकलाच होता. तरी आमच्या गावातले आकडे आम्हाला पटत नाहीत, म्हणाले. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, गावकऱ्यांनी माघार घेतली. माझं मत सांगू? गावानं घेतलेल्या मतदानातून काहीच सिद्ध झालं नसतं. शेजारी बघत असताना पडलेलं मत आणि पडद्याआडचं मत सारखं नसतं. पण त्या लोकांना उत्तर म्हणून पोलिसांची गाडी दिसली, हे मला शिक्षक म्हणून पटलं नाही. मुलानं पेपर फेरतपासायला मागितला तर मी त्याला वर्गाबाहेर काढत नसे.

आणि दाखवण्यासारखं पुष्कळ असतं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष 17-सी नावाचा फॉर्म भरतो, किती मतं नोंदली गेली त्याचा, आणि त्याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना देतो. मोजणीच्या दिवशी तो आकडा यंत्रातल्या आकड्याशी ताडून बघता येतो. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील, चिठ्ठ्या मोजतात. एप्रिल 2024च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत, स्वतःच्या खर्चानं, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. मला आठवतंय, संध्याकाळी सहानंतर 17-सीची प्रत हातात ठेवायला मी प्रतिनिधींना शोधत फिरायचो. ते वडापाव खायला गेलेले असायचे. नंतर मोजणीच्या दिवशी हेच लोक आकड्यांवरून भांडायला पुढे.

त्या डब्यातल्या चिठ्ठीवाल्या गृहस्थांचं पुढे काय झालं, हे राहिलं. ते पुढच्या ग्रामपंचायतीला परत उभे राहिले. योगायोगानं टेबलावर मीच होतो. मला बघून हसले. या खेपेला चिठ्ठीची वेळ आली नाही; नऊ मतांनी पडले. पण गठ्ठे त्यांनी दोनदा मोजून घेतले, बाद मतपत्रिका एकेक करून उजेडाला धरल्या, आणि सही करताना मला विचारलं, "गुरुजी, पुढची निवडणूक खय्च्या साली?"

नमस्कार.