उपसण्याआधीची रेघ

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘पावसाचे पाणी शिरलेला इंजिन-कक्ष : पहिल्या सहा तासांतील उपाय’ असा छापलेला आहे आणि मी त्याच विषयावर बोलणार आहे, याची ग्वाही आरंभीच देतो. मात्र त्या सहा तासांच्या आधी दहा मिनिटे असतात आणि त्या दहा मिनिटांबद्दल कोणी बोलत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. तुम्ही बहुतेक जण स्वतः बोट बाळगणारे आहात; तेव्हा बिल्ज म्हणजे पाणी साचते तो बोटीचा तळ आणि फ्लोट स्विच म्हणजे पाणी चढताच पंप सुरू करणारी कळ, याहून अधिक सांगण्यात वेळ दवडत नाही. हा वेळ मला तक्रारीसाठी लागणार आहे.

प्रथम पावसाचा हिशोब पाहू, कारण ‘पावसाने असे कितीसे पाणी येणार?’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे, आणि एकेकाळी ते मीच म्हणत असे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. कॉकपिट, म्हणजे बोटीवरची बसण्याची उघडी खोलगट जागा, २ मीटर लांब आणि २ मीटर रुंद धरले, तर १०० मिलिमीटर पावसात तेथे ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो पाणी पडते. ते निचऱ्याच्या भोकांतून बाहेर गेले तर प्रश्नच नाही. पण एका भोकावर पान बसले की पाणी इंजिनाच्या झाकणाच्या फटीकडे वळते. पुढचा भाग अधिक दुष्ट आहे. पाण्याच्या भाराने बोटीची मागची बाजू खाली जाते, निचऱ्याची भोके बाहेरच्या पाण्याच्या पातळीला येतात आणि ज्या वाटेने पाणी जायचे त्याच वाटेने ते आत येऊ लागते. सुरुवात पावसाने केलेली असते; शेवट बाहेरचे पाणी करते.

आता माझी गोष्ट सांगतो. आपल्यापैकी काहींनी ती पूर्वी ऐकलेली आहे. त्यांनी कृपया योग्य जागी प्रथमच हसल्यासारखे हसावे.

मी १७ दिवस बोटीकडे फिरकलो नव्हतो. वर ताडपत्री ताणलेली होती. म्हणजे मी गेलो तेव्हा ती ताणलेली होती, परतलो तेव्हा मध्यभागी लोंबून तिचे तळे झाले होते आणि त्या तळ्याचा एक कोपरा नेमका कॉकपिटमध्ये सांडत होता. इंजिनाचे झाकण उचलले तर आत काळपट पाणी, त्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग आणि तवंगावर माझाच हरवलेला स्क्रूड्रायव्हर, लाकडी मुठीचा असल्यामुळे उभाच्या उभा तरंगत होता. बिल्ज पंप बॅटरी संपेपर्यंत इमानाने चालला होता आणि मग थांबला होता. पंपाबद्दल माझी काही तक्रार नाही. ४ अँपिअर खाणारा पंप आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी यांचा संसार किती चालणार? बॅटरीची निम्मीच शक्ती निर्धास्तपणे वापरता येते असे धरले, तर बारा-साडेबारा तास. शिवाय पंपाच्या खोक्यावर छापलेली क्षमता ही पाणी वर न चढवता मोजलेली असते. नळीची उंची, वळणे आणि मरगळलेली बॅटरी हिशोबात धरल्यावर हाती येणारा आकडा बराच लहान असतो. पण हे विषयांतर झाले.

धाकटा भाऊ बरोबर होता. आम्ही दोघांनी हातपंप आणि बादली घेऊन दीड तासात तळ कोरडा केला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. परंतु पराक्रमाची नशा चढली होती. मी साबण घेतला, फडकी घेतली, इंजिन पुसले, कक्षाच्या पांढऱ्या भिंतींवर उमटलेला काळा ओशट पट्टा घासून काढला आणि गोड्या पाण्याने सारे धुऊन टाकले. बॅटरी भारित करून आणली, किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या हाकेला सुरू झाले. मी भावाकडे पाहिले. त्या नजरेचे वर्णन मी करत नाही. ती तुम्ही सर्वांनी कधी ना कधी आपापल्या भावाकडे टाकलेली आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी कक्षात डोकावून एकच प्रश्न विचारला, “साहेब, पाणी कुठवर आलं होतं?” मी गुडघ्याला हात लावला. भावाने त्याच क्षणी पोटरीच्या मध्यावर हात ठेवला. मिस्त्रींनी आधी माझा गुडघा पाहिला, मग भावाची पोटरी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “या दोहोंच्या मधे तुमचा स्टार्टर आहे आणि गिअरबॉक्सचं हवेचं भोक आहे.”

आम्ही पोटरी मान्य केली, कारण ती स्वस्त होती. दोन महिन्यांनी स्टार्टर जाम झाला. गिअरबॉक्समधून निघालेले तेल दुधाळ होते आणि आतील बेअरिंगांवर गंज चढला होता. म्हणजे गुडघा खरा होता. विमा कंपनीच्या अर्जात ‘पाण्याची कमाल पातळी’ असा रकाना होता. त्यात मी ‘पुष्कळ’ असे लिहिले. पाहणीसाठी आलेल्या गृहस्थांनी छायाचित्रे मागितली, तेव्हा माझ्याजवळ लखलखीत, कोरड्या इंजिन-कक्षाची नऊ उत्तम छायाचित्रे होती. दावा फेटाळला गेला. मी त्या कंपनीला मनातल्या मनात बरीच पत्रे लिहिली. परंतु आज अंतर पडल्यावर मान्य करतो की माझ्या नऊ छायाचित्रांवरून मीसुद्धा मला पैसे दिले नसते.

येथून माझ्या लाडक्या सिद्धांताचा जन्म झाला. पाणी उपसण्याआधी त्याची रेघ आखा. खडू, मेणाची पेन्सिल, चिकटपट्टी, काहीही चालेल. काय भिजले आणि काय वाचले याचा पुरावा म्हणजे त्या क्षणीची पातळी, आणि पहिली बादली उचलली की तो पुरावा आपण नष्ट करू लागतो. ‘नंतर ओशट पट्टा दिसतोच की,’ असे मला सांगितले जाते. दिसतो, पण तो खोटी साक्ष देतो. तेलाचा तवंग पाण्यावर तरंगतो आणि पाणी उतरू लागले की तो प्रत्येक वस्तूला चाटत खाली येतो. अखेरीस वरपासून खालपर्यंत सगळेच काळे होते आणि पातळी दोन वेळा वरखाली झाली असेल तर पट्टेही दोन उमटतात.

त्यातही एक बारकावा आहे, जो मला फार उशिरा कळला. रेघ एकाच ठिकाणी आखून भागत नाही. पाणी भरलेली बोट मागे झुकलेली असते, कधी एका कुशीवरही कललेली असते, आणि पाणी मात्र क्षितिजसमांतर राहते. म्हणून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चार खुणा करा. पाणी उपसल्यावर बोट पुन्हा सरळ होईल तेव्हा या चार खुणा जोडणारी रेघ तिरपी दिसेल. अनेकांना ती चूक वाटते आणि ते ती ‘सुधारतात’. कृपया सुधारू नका. तिरपी रेघच खरी असते. पुढच्या टोकाला कोरडा राहिलेला अल्टरनेटर आणि मागच्या टोकाला बुडालेला गिअरबॉक्स यांतला फरक तीच सांगते. मग मोजपट्टी धरून छायाचित्रे घ्या. या सगळ्याला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

प्रामाणिकपणे रेघेची मर्यादाही सांगतो. रेघ खालून चढलेल्या पाण्याची साक्ष देते, वरून ठिबकलेल्या पाण्याची नव्हे. झाकणाची फट पुष्कळदा इंजिनाच्या डोक्यावरच असते. त्यामुळे पातळी गुडघ्याखाली असूनही एअर फिल्टर चिंब झालेला असू शकतो. तेव्हा रेघ आखून झाली की मान वर करून ओघळ शोधावेत.

अध्यक्षमहाशयांनी चिठ्ठी पाठवली आहे. तीत ‘सात मिनिटे’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. रेघेचे महत्त्व त्यांना पटले, याचा आनंद आहे. आता सहा तासांचा विषय सात मिनिटांत.

रेघेच्याही आधी विजेचा विचार करावा. धक्क्यावरून येणारा वीजपुरवठा किनाऱ्यावरच बंद करा आणि तोपर्यंत आतील पाण्यात हातपाय घालू नका. बोट पेट्रोलची असेल तर झाकण उघडून वारा खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते, म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत पंपाचेसुद्धा बटण दाबू नये. नंतर बॅटरी सोडवा, आधी ऋण टोक. मग रेघ. मग तेल शोषणाऱ्या चादरी पसरून तवंग टिपून घ्या आणि त्यानंतरच पाणी काढा. तेलकट पाणी बाहेर सोडणे गैर आहेच, बहुतेक ठिकाणी बेकायदेशीरही आहे. मोठ्या जहाजांनासुद्धा मार्पोल या जहाजांपासूनचे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाण्यात दहा लाख भागांस १५ भागांहून अधिक तेल सोडता येत नाही.

पावसाचे पाणी गोडे असते, हे समाधान फसवे आहे. समुद्रात फिरणाऱ्या बोटीच्या तळात आधीपासून मीठ असते आणि पावसाने ते विरघळून वर आणलेले असते. म्हणून भिजलेला प्रत्येक भाग स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा. हे लगेच करा, कारण पाणी उतरून ओल आणि हवा एकत्र आली की गंज वेगाने धरतो. रेघेखालचा स्टार्टर उतरवून, उघडून, धुऊन, मंद उबेत वाळवा आणि पाणी हटवणारे तेल फवारा. पहिल्या हाकेला तो सुरू झाला हे त्याच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र नव्हे. माझाही झाला होता. विजेच्या तारांचा प्रत्येक जोड उघडून हेच करा.

किल्ली मात्र फिरवू नका. सिलिंडरमध्ये थोडे पाणी असेल तर डिझेल इंजिन त्याला हवेप्रमाणे सोळाव्या-विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबू पाहते, पाणी दबत नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. एअर फिल्टर ओला दिसला तर इंजेक्टर, पेट्रोल इंजिन असल्यास स्पार्क प्लग, काढा आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. पाणी निघाले तर ते पूर्ण निघू द्या आणि सिलिंडरांत थोडे तेल सोडा.

इंजिनातील तेलाबाबत एक गैरसमज आहे. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजण्याच्या पट्टीवर, तेल स्वच्छ दिसले म्हणजे पाणी नाही, असे मानले जाते. तेल दुधाळ होते ते घुसळल्यावर. इंजिन चाललेच नसेल तर पाणी जड असल्याने खाली शांत बसलेले असते आणि वर तेल नितळ दिसते. अशा वेळी रंग पाहू नका, पातळी वाढली आहे का ते पाहा आणि खालचा बोल्ट हळूहळू सैल करा. पाणी असेल तर तेच आधी येईल. गिअरबॉक्सचेही तसेच. तेल एकदा बदलून भागत नाही. भरायचे, थोडा वेळ चालवायचे, काढायचे, असे दुधाळपणा जाईपर्यंत करावे लागते. डिझेलच्या टाकीचे झाकण आणि हवेची नळी पावसात होती का तेही तपासा. डिझेलमधून पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीच्या तळाची तोटी उघडली की लगेच कळते.

दुसरी चिठ्ठी आली आहे. निचऱ्याच्या भोकांविषयी आणि ताडपत्रीखाली आधाराचा दांडा कसा द्यावा याविषयी बारा चित्रे आणली होती. ती बाहेर टेबलावर ठेवतो. शेजारी मेणाच्या पेन्सिलींचे एक खोके आहे. प्रत्येकाने एक न्यावी आणि कृपया ती बोटीवरच ठेवावी. गेल्या वेळी दिलेल्या पेन्सिली पुष्कळांच्या घरी दूरध्वनीशेजारी सापडल्या होत्या.