272 नावांची यादी

नमस्कार मंडळी,

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनला नेतोच. नदीकाठ, विटांची घरं, कपकेकसाठी रांग. तिथलं जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांचं विद्यापीठ 1838 साली कर्जात बुडालं होतं. मग मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरची 272 गुलाम माणसं लुईझियानात विकायचा करार केला, 1,15,000 डॉलरला. रोममधल्या वरिष्ठांकडून अटी आल्या होत्या: कुटुंबं फोडू नका, पैसा कर्जफेडीत घालू नका. त्या अटी धाब्यावर बसवल्या.

यादीत पहिलं नाव आयझॅक हॉकिन्स, वय 65. खाली त्यांची मुलं-नातवंडं.

विकलेली ही माणसं कॅथलिक होती. त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं चर्चच्याच वह्यांत नोंदलेली, आणि त्याच वह्यांमुळे पुढे वंशजांचा माग लागला. आपल्याकडे म्हणतात तसं ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणायची सोयच उरली नाही.

18 एप्रिल 2017 रोजी विद्यापीठात प्रार्थनासभा झाली. अमेरिका-कॅनडातल्या जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख टिमथी केसिकी यांनी वंशजांना समोर बसवून घोर पापाची कबुली दिली. विक्री करणाऱ्या टॉमस मुलेडींचं इमारतीला दिलेलं नाव आधीच उतरवलं होतं. त्या दिवशी तिथे आयझॅक हॉकिन्स यांचं नाव रीतसर लागलं. दुसऱ्या इमारतीला अ‍ॅन मेरी बेक्राफ्ट यांचं. या बाईंनी जॉर्जटाउनमध्ये काळ्या मुलींसाठी शाळा चालवली, तीही आपल्या भिडेवाड्याच्या वीसेक वर्षं आधी!

आणि प्रश्न फक्त मळ्यांचा नव्हता. शेजारच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये काळ्या भाविकांना दुय्यम वागणूक मिळे. शेवटी त्यांनी 1925 मध्ये स्वतःचं एपिफनी चर्च उभारलं. दोन्ही चर्च आजही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पंगत वेगळी, पाणवठा वेगळा, हे ज्यांच्या घरी ऐकलंय त्यांना मी जास्त काय सांगणार?

माफीनंतर प्रश्न आला पैशाचा. 2019 मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून वंशजांसाठी दर सत्राला 27.20 डॉलर द्यायची तयारी दाखवली. विद्यापीठाने ती फी लावली नाही, वेगळा निधी काढला. 2021 मध्ये जेझुइटांनी 10 कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं. पुढच्याच वर्षी पैसे येण्याच्या संथ गतीवर वंशजांनी उघड नाराजी व्यक्त केली. मला तर 2017 च्या सोहळ्यापेक्षा हा हिशेब मागणं महत्त्वाचं वाटतं. माफी मागणाऱ्याने ‘झालं माझं’ म्हणून उठायचं नसतं, ते समोरच्याने ठरवायचं.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, हे आपण इथे दर एप्रिलला सांगतो. यंदा जरा पुढे जाऊ. मुलांची सहल नदीकाठावरच न थांबवता हॉकिन्स यांच्या इमारतीपर्यंत नेऊ, आणि एपिफनीतल्या मंडळींना विचारून एखाद्या रविवारी तिथेही जाऊ. येणाऱ्यांनी चहाच्या टेबलावर नावं द्या.