फाटकावर क्रूस, बाकावर कोण?

मंडळी, दहावी-बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. नात मुंबईला झेवियर्सला किंवा विल्सनला जायचं म्हणत असते आणि आजी विचारते, "तिथं सगळी ख्रिश्चन पोरंच असतात न्हवं?" तिच्या विचारण्यात भीती असते, थोडी अपूर्वाईही असते. आज त्या आजीलाच उत्तर द्यायचं असं ठरवून मी आलो आहे.

आधी साधा हिशेब. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती आणि त्यात ख्रिस्ती माणसं अकरा लाखांहून कमी. म्हणजे शंभरात पुरता एकसुद्धा नाही. त्यातले पुष्कळ मुंबई, ठाणे, वसई या पट्ट्यात. एवढ्या समाजाच्या मुलांनी ही सगळी कॉलेजं भरायची म्हटलं तरी भरणार नाहीत. मुंबईत विल्सन आणि झेवियर्स, नागपुरात हिस्लॉप, नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 साली काढलेलं कॉलेज. या सगळ्यांच्या वर्गात हिंदू, बौद्ध, मुसलमान, जैन मुलं बसतात आणि बहुसंख्य तीच असतात.

हे आजचं नाही. जोतीराव फुले 1841 साली पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले, तेव्हा त्यांना तिथं भेटलेले मित्र कोण होते? सदाशिव गोवंडे. ब्राह्मण. त्या काळात इंग्रजी हवी असलेली उच्चवर्णीय मुलं मिशनच्या शाळांत शिकायला येत होती आणि त्याच बाकांवर माळ्याचा मुलगाही बसला. पुढच्या काळातलं पाहा. धर्मशास्त्राचा अवघा इतिहास ज्यांनी लिहून काढला ते महामहोपाध्याय पां. वा. काणे विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. मोरारजी देसाई तिथलेच. दुर्गाबाई भागवत झेवियर्सच्या. यातल्या कुणाचाही धर्म तिथं बदलला नाही. काणे तर बाहेर पडून स्मृतिग्रंथांतच बुडाले!

आजीची भीती मात्र अगदीच हवेतली नाही, हे सांगायला हवं. 1839 साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होर्मसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशी पालकांनी मुलं काढून घेतली. वर्गच्या वर्ग ओस पडले. मिशनऱ्यांचा हेतू काय होता हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनीही तो लपवला नव्हता. पण शाळा चालवायची तर इतर धर्मांची मुलं हवीत आणि ती यायची तर पालकांचा विश्वास हवा, हा व्यवहार त्यांना तिथं कळला. आज तर राज्यघटनेचं 28वं कलम सांगतं की, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. म्हणून बऱ्याच ठिकाणी कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालतो, त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. दोन्हीकडची मुलं सारखीच जांभया देतात, ते सोडा.

कोल्हापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. शाहू महाराजांनी 1919 साली आपलं राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती चालवायला दिलं होतं. म्हणून त्या वर्षांत शिकून गेलेली पोरं सगळी आर्यसमाजी झाली का? संस्था कुणाची आणि विद्यार्थी कोण, या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे या गावानं घरातच पाहिलं आहे. आता दसरा चौकात उभे राहा. महाराजांच्या काळात समाजासमाजासाठी निघालेली वसतिगृहं दिसतील. इकडे जैन बोर्डिंग, तिकडे मुस्लिम बोर्डिंग. मराठ्यांचं, लिंगायतांचं, तेव्हा अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, ख्रिस्ती मुलांसाठीही वेगळं. राहणं आपापल्या समाजात, पण सकाळी पुस्तकं घेऊन सगळे एकाच कॉलेजात. ख्रिस्ती कॉलेजात पाटी एका समाजाची असते आणि आत सगळे असतात. आपल्या बोर्डिंगांच्या नेमकं उलट.

आता मुद्द्यावर येतो. मुलं कोण असणार हे चर्च ठरवत नाही, प्रवेशाचे नियम ठरवतात. घटनेच्या 30व्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली म्हटलं की, अनुदानित संस्थेनं आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा राखाव्यात, बाकीच्या सर्वांना खुल्या ठेवाव्यात. पुढे 2002च्या निकालानं ती पक्की टक्केवारी सैल केली. आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशात अल्पसंख्याक कोट्याच्या जागा निम्म्या असतात. त्या भरल्या नाहीत तर कॉलेज त्या परत करतं आणि त्या सर्वसाधारण यादीत जातात.

इथे मला शाहू महाराजांच्या गावात बसून एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. राज्यघटनेच्या 15(5) कलमात शिक्षणसंस्थांमधल्या आरक्षणाची तरतूद आहे आणि त्यातून अल्पसंख्याक संस्थांना वगळलं आहे, अनुदान घेत असल्या तरी. म्हणजे ज्या मिशननं दलितांच्या पोरांना पहिल्यांदा पाटी-पेन्सिल दिली, त्याच परंपरेतल्या नामवंत कॉलेजावर आज दलित मुलासाठी जागा राखायची कायदेशीर सक्ती नाही. काही संस्था स्वतःहून राखतात, त्यांचं कौतुक. पण अल्पसंख्याकांचा हक्क आणि वंचितांचा हक्क एकमेकांना छेद देतात, आणि तो छेद प्रवेशाच्या यादीत दिसतो. मला स्वतःला अल्पसंख्याकांचा हक्क काढून घ्यावा असं वाटत नाही. ज्यांनी तो घेतला त्यांनी दार मोठं ठेवावं, एवढं मात्र वाटतं.

आणि ख्रिस्ती विद्यार्थी तरी एकजात कुठे असतात? वांद्र्याची गोवेकर घरातली मुलगी, वसईचा सामवेदी बोलणाऱ्या घरातला मुलगा, केरळी सिरियन ख्रिस्ती, आणि मराठी शाळेत शिकून आलेला नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला प्रोटेस्टंट. या शेवटच्याचे आजोबा-पणजोबा दलित होते. ख्रिस्ती असल्यामुळे राष्ट्रपतींच्या 1950च्या आदेशाप्रमाणे त्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. गावात जात सुटलेली नाही, कागदावर मात्र सुटली. अशा वर्गात पहिल्या महिन्यात गट पडतात ते धर्मावरून नाही, इंग्रजीवरून. नगरचा ख्रिस्ती पोरगा आणि आपल्या कागल-गडहिंग्लजचा पोरगा मागच्या बाकावर शेजारी बसतात, कारण दोघंही मनात वाक्य जुळवून मगच तोंड उघडतात. वांद्र्याची मुलगी आणि पेडर रोडची गुजराती मुलगी पुढे. येशूचा आणि या बसण्याचा काही संबंध नसतो.

अमेरिकेला पोरं पाठवणाऱ्यांनी मात्र सावध असावं. तिथली काही ख्रिस्ती कॉलेजं खरोखरच श्रद्धावंतांची असतात. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात विद्यार्थ्यांना वर्तनाच्या करारावर सही करावी लागते आणि चॅपलची हजेरी सक्तीची असते. सगळी तशी नाहीत, पण ब्रोशरवरची हिरवळ बघून अर्ज भरू नये. गंमत म्हणजे त्या देशातल्या कॉलेजांमधून मिशनरी घडवणारी जी मोठी विद्यार्थी चळवळ 1886 साली सुरू झाली, तिचा एक प्रणेता रॉबर्ट वाइल्डर 1863 साली याच कोल्हापुरात जन्मला होता. त्याचे वडील, रॉयल वाइल्डर, इथे 1852 पासून मिशन चालवत होते.

तर आजी, नातीला खुशाल पाठवा. फक्त कोट्याच्या परत आलेल्या जागा कोणत्या फेरीत खुल्या होतात ते विचारा, आणि राहायचं काय ते त्याच दिवशी विचारा. विल्सनचं मुलींचं वसतिगृह पंडिता रमाबाईंच्या नावानं आहे, पण तिथं खाटा मोजक्या आणि अर्ज फार. गुणांवर प्रवेश मिळून खोलीअभावी परत आलेली मुलं माझ्या ओळखीत आहेत आणि त्यात सगळ्या धर्मांची आहेत. महाराजांनी कॉलेज असताना बोर्डिंगं का काढली, ते त्यांच्या आईबापांना विचारा.